तात्यांच्या खळ्यात सनसेट पॉइंट: गुगल हे वरखाली ठरवतं तरी कसं?

चाकरमानी_डोंबिवली | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी मदत पाहिजे. आधी गोष्ट सांगतो मग प्रश्न, गोष्ट जरा लांब आहे, घाई असेल त्यांनी थेट शेवटचा परिच्छेद वाचावा.

गाव वेंगुर्ले तालुक्यात, नाव सांगत नाही, का ते कळेलच. २०१९ च्या मे महिन्यात आम्ही चुलत-मावस मिळून नऊ जण गावाला जमलो होतो. घरात रेंज नाही, रेंज फक्त तात्यांच्या (माझे थोरले काका) खळ्यात म्हणजे अंगणात, गडग्याला (दगडी कुंपणाला) टेकून उभं राहिलं की दोन दांड्या येतात. दुपारी फणस फोडून झाला, हाताचा चीक खोबरेल लावून काढत बसलेलो आणि धाकट्या भावाला शोध लागला की मॅपवर कोणालाही नवीन जागा टाकता येते. झालं. 'तात्या सनसेट पॉइंट', प्रकार पर्यटन स्थळ. फोटो लावला तोही दुसऱ्याच कुठल्या किनाऱ्यावरचा. नऊ जणांनी पाच पाच स्टार दिले, एकाने लिहिलं 'जन्मात एकदा तरी पाहावा असा सूर्यास्त', हसून लोळलो, मुंबईला आलो, विसरलो.

आता वस्तुस्थिती. घर खोलगटात, पश्चिमेला डोंगर. साडेचारला ऊन जातं. तिथून सूर्य बुडताना माझ्या पणजोबांनीही पाहिला नसेल. खरी सूर्यास्ताची जागा वर सड्यावर (डोंगरावरच्या कातळपठारावर), पण तिथे बोर्ड नाही बाकडा नाही, कोणी काही लिहिलेलंच नाही. त्यामुळे रस्त्यावरून जाणाऱ्याने 'सनसेट पॉइंट' शोधलं की पहिले येतात तात्या आणि सडा तिसरा. गेल्या डिसेंबरात एका रविवारी अकरा गाड्या आल्या. तात्यांचा फोन: "ही कोण माणसा येतत आणि माझ्या खळ्यात उभी रवान सूर्य सोधतत? सूर्य काय माझ्या माजघरात बुडता?"

आम्ही गुन्हा कबूल केलेला नाही. 'ठिकाण अस्तित्वात नाही' असं चार वेगवेगळ्या फोनवरून कळवून झालं, चारही वेळा नामंजूर. कारण आता तिथे दीडशेच्या आसपास रिव्ह्यू आहेत आणि ते आमचे नाहीत, आलेल्या लोकांचे आहेत. तर प्रश्न असा की गुगल वर कोण आणि खाली कोण हे ठरवतं कसं, नऊ उनाड पोरांच्या थापेवर त्याने विश्वास का ठेवला, आणि हे काढायचं कसं?

रातांबा | ९:५२

हहपुवा. 'सूर्य काय माझ्या माजघरात बुडता' हे उद्यापासून माझं स्टेटस.

सुरंगी | ९:५५

आलेल्या लोकांनी काय लिहिलंय ते आधी सांगा. बाकी मदत नंतर.

चाकरमानी_डोंबिवली | १०:०३

@सुरंगी, नमुने:

'सूर्य दिसला नाही. आजोबा दिसले. आजोबा जास्त तापलेले होते. ५ स्टार.'
'डोंगर मध्ये येतो. प्रशासनाने लक्ष द्यावे.'
'पार्किंग नाही, कुत्रा आहे. ३ स्टार.'
'पॉइंट बोगस पण आजीने न मागता सोलकढी दिली, पुन्हा नक्की येऊ.'

आजी म्हणजे काकी. तात्या शिव्या घालतात आणि मागून काकी सोलकढीचे पेले घेऊन येते, असं दोघांचं चाललंय.

मालवणी_मेवा | १०:१०

सोलकढी फुकट दिल्यार पाच स्टार गावतलेच मेल्या. गुगलाक कित्याक दोष देतंस, काकीक सांग पयली.

पाटाचे_पाणी | १०:४८

मी रत्नागिरीकडचा, गणिताचा मास्तर, आता निवृत्त. मूळ प्रश्नाच्या पहिल्या भागाला उत्तर देतो, गणित न वापरता.

गुगलच्या आधी जी शोधयंत्रं होती, अल्टाविस्टा वगैरे, ती मुख्यतः पानावर काय लिहिलंय ते बघायची. पानावर 'हापूस' शंभर वेळा लिहा, पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरात लिहा म्हणजे माणसाला दिसणार नाही पण यंत्राला दिसेल, झालात तुम्ही हापूसवाले. स्टॅनफर्डला लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनी विचार केला की पान स्वतःबद्दल काय सांगतं ते सोडा, दुसरी पानं त्याच्याकडे बोट दाखवतात का ते मोजा. १९९८ साली त्यांचा यावरचा निबंध आला. पद्धतीचं नाव पेजरँक.

आता माडा-पोफळीची बाग डोळ्यापुढे आणा आणि पाटाने शिंपणं चाललंय असं समजा. प्रत्येक झाडाचं आळं म्हणजे एक पान, एका आळ्यातून दुसऱ्यात काढलेला पाट म्हणजे लिंक. आळ्यात जेवढं पाणी असेल ते त्यातून निघणाऱ्या पाटांत सारखं वाटलं जातं. दोनच पाट असतील तर अर्धं अर्धं, दहा काढलेत तर प्रत्येकाला ओंजळभर. म्हणजे नुसते किती पाट येतात याला किंमत नाही, भरलेल्या आळ्यातून येतात की कोरड्या, त्याला किंमत. पाणी असं फिरवत राहायचं, फिरवत राहायचं, शेवटी कुठल्या आळ्यात किती पाणी हे स्थिर होतं. तो त्या झाडाचा भाव.

यात एक खोच आहे. काही आळी अशी असतात की आत पाट येतात पण बाहेर एकही जात नाही, किंवा चार झाडं आपसातच पाणी फिरवत बसतात. तिथे सगळं तुंबणार. म्हणून त्यांनी ठरवलं की ८५ टक्के पाणी पाटाने जाईल आणि १५ टक्के पावसासारखं सगळ्या बागेवर सारखं पडेल.

लबाडीची जागा या पावसातच आहे. समजा एकाने रिकामी पाचशे आळी खणली, झाड नाही काही नाही, आणि सगळ्यांचे पाट आपल्या एका माडाकडे वळवले. पावसाचा वाटा त्या रिकाम्या आळ्यांनाही मिळतोच! तो सगळा ओढून एका माडाला. याला ते लोक लिंक फार्म म्हणतात.

रातांबा | १०:५६

मास्तर, साष्टांग. मी आत्तापर्यंत समजत होतो पेजरँक म्हणजे कोणाच्या घरची पेज जास्त दाट.

पाटाचे_पाणी | ११:०१

पेज या शब्दावरचा श्लेष तिकडेही होताच. वेब पेजचा पेज आणि लॅरी पेजचाही पेज. तुमचा उकड्या तांदळाचा, तिसरा.

देवगडची_पेटी | ११:२०

मास्तरांनी छान सांगितलं पण अर्धंच सांगितलं. लिंक नुसता पाट नसतो, त्या लिंकवर चार शब्द लिहिलेले असतात ना, ज्यावर आपण बोट ठेवतो, ते शब्द पण गुगल त्या समोरच्या पानाच्या नावावर लिहून ठेवतं. पानात ते शब्द नसले तरी. आम्हा आंबेवाल्यांना हे समजवायला लागत नाही, आंबा बोलत नाही पेटी बोलते. कर्नाटकचा आंबा आणायचा, पेटीवर देवगड छापायचं, वाशीला जाईपर्यंत तो देवगड. २०१८ साली कोकणच्या हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं तरी मे महिन्यात हायवेला बघा काय काय देवगड म्हणून विकतात.

तर २००३ साली अमेरिकेत लोकांनी हेच केलं. ठरवून आपापल्या ब्लॉगवर 'मिझरेबल फेल्युअर' म्हणजे दयनीय अपयश असे शब्द लिहायचे आणि त्याची लिंक द्यायची ती थेट व्हाइट हाउसच्या साइटवरच्या जॉर्ज बुश यांच्या परिचयाच्या पानाला. त्या पानावर हे शब्द कुठेच नाहीत. पण ते शोधलं की पहिला निकाल बुशसाहेब. मग चिडलेल्या दुसऱ्या बाजूने त्याच शब्दांवर माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि माहितीपटवाले मायकेल मूर यांना वर चढवलं. एकच लेबल तीन गावांच्या पेट्यांवर. या प्रकाराला गुगल बॉम्ब म्हणतात, हे नाव २००१ साली अॅडम मॅथेस नावाच्या पोराने दिलं, त्याने आपल्या मित्राच्या साइटला 'टॅलेंटलेस हॅक' हे शब्द चिकटवले होते. म्हणजे पहिली सुरुवात मित्राची मस्करी करण्यातूनच. चाकरमानी, तुम्ही एकटे नाही.

सुरंगी | ११:२६

म्हणजे गावात टोपणनाव पडतं तसंच की. आमच्या वाडीत एकांना सगळे 'कलेक्टर' म्हणतात, ते पोस्टात होते. घर विचारताना खरं नाव सांगितलंत तर कोणी दाखवणार नाही. स्वतः त्यांनी दारावर मोठी पाटी लावलीय खऱ्या नावाची, उपयोग शून्य.

देवगडची_पेटी | ११:२८

@सुरंगी एक नंबर, हेच. पाटी आपण लावतो, नाव गाव ठेवतो.

अंक्या | मंगळवार, सकाळी ८:१५

रोजच्या कामाचा विषय निघाला म्हणून लिहितोय, हॉटेल-रिसॉर्टवाल्यांच्या साइट मी बघतो. वरचं सगळं बरोबर आहे पण जुनं आहे आणि तात्यांच्या केसला लागू नाही.

पहिलं, बुशवाला प्रकार आता तसा चालत नाही. २००७ च्या जानेवारीत गुगलने गणित बदललं आणि तसले बहुतेक बॉम्ब निकामी झाले. त्याआधी २००५ साली 'नोफॉलो' आणलं, म्हणजे ब्लॉगच्या प्रतिक्रियांत कोणी लिंक चिकटवली तर त्या पाटातून पाणी जाऊ द्यायचं नाही अशी खूण. २०१२ ला पेंग्विन नावाचा बदल आला, विकतच्या लिंका घेणाऱ्यांना त्याने झोपवलं. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकेतलं जेसी पेनी हे मोठं दुकान सापडलं होतं, कपड्यांपासून सतरंज्यांपर्यंत काहीही शोधा हेच वर. न्यूयॉर्क टाइम्सने खणून काढलं की काही संबंध नसलेल्या हजारो पानांवरून त्यांच्याकडे लिंका वळवलेल्या होत्या. बातमी आली आणि गुगलने त्यांना पार खाली ढकललं. मास्तरांची रिकामी आळी ती हीच.

दुसरं, मॅप वेगळा. तिथे गुगल स्वतःच तीन गोष्टी सांगतं: शोधलेल्या शब्दांशी जुळतं का, किती लांब आहे, आणि किती नावाजलेलं आहे. तात्यांचं बघा. नावातच 'सनसेट पॉइंट'. सड्यावरच्या जागेचं मॅपवर नाव काय आहे हो? बहुतेक नुसतं 'सडा' असणार. म्हणजे शब्द जुळण्यात तात्या पुढे. घर रस्त्याला लागून, म्हणजे अंतरात तात्या पुढे. आणि नावाजलेलं म्हणजे रिव्ह्यू वगैरे, त्यात तर काकींची सोलकढी. सूर्य दिसतो की नाही हा चौथा मुद्दा त्या तिघांत नाहीच.

तिसरं आणि खरं कारण. ज्या शब्दांना कोणी वालीच नाही तिथे वर चढायला काहीच लागत नाही. 'गोवा हॉटेल' वर चढून दाखवा, आयुष्य जाईल. पण तुमच्या गावाच्या नावापुढे सनसेट पॉइंट, तिथे स्पर्धाच नव्हती, नऊ पोरं म्हणजे फौज झाली. याला डेटा व्हॉइड म्हणतात, २०१८ पासून हा शब्द चालू आहे. पडीक जमीन समजा, जो पहिला कुंपण घालेल त्याची.

मालवणी_मेवा | ८:४०

पडीक जमीन आणि कुंपण हे शब्द सिंधुदुर्गातल्या माणसासमोर जपून वापरूचे. हय तीन पिढ्ये कोर्टात गेलेत.

नारळीपुनव | १०:३०

सगळे हसताय, मला फारसं हसू येत नाहीये, सॉरी. आमचं दोन खोल्यांचं होमस्टे आहे, नवरा बायको मिळून चालवतो. मागच्या वर्षी एका आठवड्यात सात एक-स्टार पडले, सातही जण आमच्याकडे कधी उतरलेलेच नाहीत, एकाने तर 'स्विमिंग पूल घाण' लिहिलंय, आमच्याकडे पूल नाही विहीर आहे. कोणी केलं ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ख्रिसमसचं बुकिंग अर्ध्यावर आलं. पाच महिने मागे लागले तेव्हा सातातले तीन निघाले, चार अजून तिथेच.

आणि सासूबाईंचं सांगते. त्यांना बँकेचा नंबर हवा होता, फोनमध्ये शोधला, वर जो आला तो लावला, तो बँकेचा नव्हताच. पलीकडचा माणूस इतका गोड बोलला की त्यांनी कार्डमागचा आकडा पण वाचून दाखवला. चाळीस हजार. त्यांचा एकच प्रश्न होता, 'पण तो पहिला आला होता ना गं?' पहिला आला म्हणजे कोणीतरी तपासून वर ठेवलाय असं त्यांना वाटत होतं. चूक त्यांची नाही, आपल्यालाही तसंच वाटतं. ज्या दाराने तुमचे नऊ जण आत शिरले त्याच दाराने तो शिरला.

चाकरमानी_डोंबिवली | १०:५८

@नारळीपुनव, तुमचं खरं आहे, काय बोलणार. माझ्याही मनात ते येतं, संध्याकाळी लांबून लोक मुलाबाळांना घेऊन येतात आणि त्यांचा सूर्यास्त चुकतो. म्हणूनच काढायचंय. तुमचे उरलेले चार निघायला काही मार्ग आहे का ते अंक्या सांगतील का?

अंक्या | ११:१०

नारळीताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. प्रत्येक रिव्ह्यूला शांतपणे उत्तर द्या, 'आमच्याकडे पूल नाही' एवढंच. काढला गेला नाही तरी वाचणाऱ्याला कळतं. आणि सगळ्यांनाच, बँकेचा नंबर कार्डाच्या मागे किंवा पासबुकावर असतो तोच लावायचा.

बंदरावरचा | दुपारी १:३०

तात्या पॉइंटचा मोठा भाऊ लंडनला होऊन गेला. २०१७ साली ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागच्या बागेतली शेड ट्रिपअॅडव्हायजरवर हॉटेल म्हणून टाकली. द शेड अॅट डलिच. हा आधी पैसे घेऊन दुसऱ्या हॉटेलांचे खोटे रिव्ह्यू लिहून द्यायचा, म्हणजे धंद्यातला माणूस. पदार्थांचे फोटो काढले ते शेव्हिंग फोम आणि संडासात टाकायच्या वड्या वापरून. मित्रांकडून रिव्ह्यू लिहून घेतले. सुरुवातीला नंबर अठरा हजारांच्या पुढे होता, नोव्हेंबरात अख्ख्या लंडनमध्ये पहिला. लोक टेबलासाठी फोन करतायत आणि हा सगळ्यांना सांगतोय 'फुल्ल आहे', त्यामुळे तर अजून भाव वाढला. शेवटी एक रात्र खरोखर उघडलं, बाजारातलं तयार जेवण गरम करून वाढलं, आणि काही लोक म्हणाले परत येऊ!

तात्यांनी शिव्या देण्याऐवजी 'आज फुल्ल आहे, सूर्य बुक झालाय' म्हणून बघावं.

रातांबा | १:३४

'सूर्य बुक झालाय' =)) =))

सुरंगी | १:४०

उलटं पण करता येतं म्हणे, रस्ताच बंद दाखवायचा? वाचलं होतं कुठेतरी.

बंदरावरचा | १:५२

हो बर्लिनला २०२० मध्ये. सायमन वेकर्ट म्हणून कलाकार, त्याने हातगाडीत ९९ जुने फोन ठेवले, सगळ्यांवर मॅप चालू, आणि मोकळ्या रस्त्यावरून रमतगमत गाडी ओढत निघाला. गुगलला वाटलं ९९ गाड्या मुंगीच्या पावलाने चालल्यात, रस्ता लाल. बाकीच्यांना मॅप दुसरीकडून न्यायला लागला.

मालवणी_मेवा | २:०५

मुंबई-गोवा हायवेर गणपतीत हातगाडी लागणा नाय. फोन पण लागणत नाय. रस्तो आपसूकच लाल जाता.

रातांबा | २:०९

हायवेचा विषय काढू नका, धाग्याचं काश्मीर होईल. आमचा कणकवलीच्या अलीकडे एकदा...

संपादक_मंडळ | २:३०

हायवेसाठी वेगळा धागा आहे (तिथे ९०० प्रतिसाद झालेत). इथे विषयाला धरून लिहावे.

कोकमसरबत | संध्याकाळी ६:१५

दरवेळी खोडी असतेच असं नाही, बरं का. २०२१ च्या जूनमध्ये 'भारतातली सगळ्यात कुरूप भाषा' असं कोणी शोधलं की गुगल वर चौकटीत थेट उत्तर द्यायचं, कन्नड! कर्नाटकात भडका उडाला, गुगलला माफी मागावी लागली. आता विचार करा, शहाणा माणूस असल्या विषयावर पान लिहीलच कशाला. ज्याने लिहिलं त्याचंच एकट्याचं वर आलं. अंक्या म्हणतायत ती पडीक जमीन हीच. पण प्रश्नच वाकडा होता त्याचं काय? यंत्राने 'असा प्रश्न विचारू नये बाबा' म्हणायला हवं होतं, आमच्या आजीने तरी तेच केलं असतं. आपण विचारतो आणि ते बिचारं कुठूनतरी उत्तर आणून देतं, रिकाम्या हाताने परत यायचं नाही अशी त्याला सवयच लागलीय.

देवगडची_पेटी | ६:४०

आता तर एआय उत्तर देतं, निकाल बघायची गरजच नाही. २०२४ च्या मे मध्ये कोणी विचारलं पिझ्झ्यावरचं चीज घसरतं काय करू, तर म्हणे सॉसमध्ये थोडा डिंक मिसळा, बिनविषारी. कुठून शिकलं तर त्याच्याही अकरा वर्षं आधी रेडिटवर कोणीतरी केलेला विनोद. पूर्वी निदान दहा निकाल समोर असायचे, माणूस चेहरे बघून निवडायचा. आता एकच आवाज आणि तोही ठाम. उद्या कोणी विचारेल वेंगुर्ल्याजवळ सूर्यास्त कुठे बघू, तो सांगेल तात्यांकडे, सोलकढी मिळते, कुत्र्यापासून सावध. आणि पुरावा म्हणून हा आपला धागा!

सुरंगी | ६:४४

अरे देवा, म्हणजे आपण इथे जितक्या वेळा तात्या सनसेट पॉइंट लिहितोय तितकं पाणी आळ्यात जातंय?

अंक्या | ६:५०

नुसतं नाव लिहून पाट निघत नाही, पण अगदीच काही होत नाही असंही नाही. धाग्याचं शीर्षक बदला असं मी सुचवणार होतो.

पाटाचे_पाणी | रात्री ९:३०

लंडनचं वाचून एक जुनी गोष्ट आठवली, कागदी नकाशाच्या काळातली. अमेरिकेत १९३० च्या दशकात एका नकाशा कंपनीने न्यूयॉर्क राज्याच्या नकाशात अॅगलो नावाचं एक खोटं गाव टाकलं, नकाशा काढणाऱ्या दोघांच्या नावातली अक्षरं उलटसुलट जुळवून. हेतू असा की कोणी आपला नकाशा चोरला तर हे गाव त्यात सापडेल आणि चोर पकडला जाईल. पुढे दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या नकाशात ते सापडलं. यांना वाटलं, धरला! पण निघालं असं की त्या जागी कोणीतरी दुकान टाकलं होतं आणि नकाशात नाव बघून दुकानाला अॅगलो जनरल स्टोअर नाव दिलं होतं. म्हणजे गाव आता होतं. चोरी कसली सिद्ध करणार?

चाकरमानी, तुमच्या खळ्यात अजून दुकान आलं नाही ना, एवढं बघा. आलं की संपलं.

चाकरमानी_डोंबिवली | रविवार, रात्री १०:२०

मास्तर, तुमच्या तोंडात गूळ घालू की काय घालू कळत नाही.

शनिवारी गावाला जाऊन आलो. अंक्यांनी सांगितलं तसं सड्यावर जाऊन खऱ्या जागेचे फोटो काढले, मॅपवर तिचं नाव 'सडा' होतंच, ते 'सडा सूर्यास्त, सनसेट पॉइंट' करून पाठवलं, ते दोन तासात मंजूर. आमच्यातल्या नऊ जणांनी आपापले जुने रिव्ह्यू पुसले. मग ठरवलं तात्यांना खरं सांगून टाकावं.

जेवताना सांगितलं. तात्या गप्प. मला वाटलं आता ताट येणार अंगावर. तर म्हणाले, "म्हणजे ता तुमी केलास? मग आता ता सरकवलान कोणी?"

काय सरकवलं? तर बाहेर नेऊन दाखवलं. गडग्याच्या पलीकडे तात्यांचे चुलत भाऊ, बोलणं बंद आहे १९९४ पासून, बांधावरून. त्यांच्या मुलाने मॅपवर बदल सुचवून आमची पिन वीस-पंचवीस फूट पुढे नेलीय, ती आता बरोब्बर त्यांच्या मांगराच्या दारात. आणि दारात टेबल, वर बोर्ड 'तात्या सनसेट पॉइंट, कोकम सरबत २० रुपये'. पूर्वी नांगरताना बांध वीतभर सरकवायचे, आता बोटाने सरकवतात.

आमचं 'अस्तित्वात नाही' चारदा नामंजूर झालं आणि ह्याचं एका फटक्यात मंजूर. तात्या तिथेच उभे राहून इतक्या मोठ्याने म्हणाले की पलीकडे ऐकू गेलं: "नाव माझा, गाळी मी घालतंय, आणि सरबत इकता तो? सातबाऱ्यार आसा काय तेच्या?" मी म्हटलं तात्या मी आता पूर्णच काढून टाकतो, तर माझ्यावरच डाफरले. काढायचं नाही. आधी आहे तिथे आणायचं, मग बघू. काकी म्हणतेय सोलकढीचे दहा रुपये लावूया.

तेव्हा मंडळी, धाग्याचा मूळ प्रश्न मागे घेतो. नवीन प्रश्न: पिन परत कशी आणायची?

अंक्या | १०:३१

डोंबिवलीत बसून सुचवू नका, तुमच्याकडून चारदा नामंजूर झालंय, गुगल खातं बघतंच. जागेवर जाऊन, तिथलाच फोटो जोडून, जुन्या आणि भरपूर बदल केलेल्या खात्यावरून सुचवलं तर बरं. तीन-चार वेगवेगळी माणसं असतील तर उत्तम.

नारळीपुनव | १०:४०

माझं खातं जुनं आहे, आणि आता मला हसू आलंय.

चाकरमानी_डोंबिवली | १०:४४

जे कोणी वेंगुर्ल्याकडे जाणार असतील त्यांनी कृपया व्यनि करा, पत्ता देतो. फोटो गडग्याच्या अलीकडे उभं राहून काढायचा, पलीकडे पाय ठेवायचा नाही, तात्या बघत असतात.

मालवणी_मेवा | १०:५०

माका कुडाळाक काम आसा शनिवारी, जातंय थयसून. कुत्रो बांधून ठेवा.